चार काठांचे वस्त्र : आयमारा विणकामाचा अर्थ आणि इतिहास

पेरू, बोलिव्हिया आणि चिली या तीन देशांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, त्या भागात अँडीज पर्वताच्या दोन रांगांमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर एक विस्तीर्ण पठार पसरलेले आहे. स्पॅनिशमध्ये त्याला 'आल्तिप्लानो' म्हणजे उंचावरचे मैदान म्हणतात, आणि तितिकाका सरोवर त्याच्या उत्तर भागात आहे. दिवसा त्वचा भाजून काढणारे ऊन आणि रात्री पाणी गोठवणारी थंडी अशा या प्रदेशात कापूस येत नाही आणि मकाही मोजक्या आडोशाच्या जागीच तग धरतो. माणसे जगतात ती बटाटा, किन्वा हे धान्य आणि उंटाच्या कुळातील लामा व अल्पाका या जनावरांच्या आधारावर. येथील जुन्या रहिवाशांपैकी आयमारा भाषा बोलणाऱ्या समाजाने या जनावरांच्या लोकरीतून जी वस्त्रपरंपरा उभी केली, तिला केवळ हस्तकला म्हणणे अपुरे ठरते. कारण या समाजात वस्त्र हे अंग झाकण्याचे साधन होतेच, शिवाय ते कर होते, आहेर होते, देवतेला वाहायची वस्तू होते आणि मृत पूर्वजांचे शरीरही होते.

या परंपरेकडे बाहेरून पाहणाऱ्यांनी, विशेषतः संग्राहकांनी आणि पर्यटकांसाठी लिहिणाऱ्यांनी, तिचा अर्थ बहुधा वस्त्रावर विणलेल्या पक्ष्यांत, घोड्यांत आणि ताऱ्यांत शोधला. प्रत्येक आकृतीला एक ठरावीक अर्थ चिकटवून त्यांचा एक छोटा कोशच तयार केला. या आकृत्यांना अर्थ नाही असे मुळीच नाही, परंतु आयमारा विणकरणींच्या दृष्टीने वस्त्राचे मर्म बरेच आधी, म्हणजे सूत कोणत्या दिशेने पिळले, ताणा कसा भरला, काठ कसा बांधला आणि मधली रेघ कुठे पडली, यांतच ठरलेले असते. म्हणून या वस्त्राचा इतिहास सांगताना आधी त्याच्या घडणीकडे वळणे भाग आहे.

लोकर कातरल्यानंतर ती हाताने मोकळी करून टकळीवर कातली जाते. आयमारात 'कापू' या नावाने ओळखली जाणारी ही टकळी म्हणजे खाली चकती बसवलेली एक सडपातळ काठी असते, आणि तिला बैठक लागत नसल्यामुळे बाई कळपामागून चालताना, बाजाराच्या वाटेवर किंवा गावसभेत बसलेली असतानाही सूत काढू शकते. मुली लहान वयातच कातायला शिकतात. त्यांचे पहिले सूत जाडेभरडे निघते आणि ते दोऱ्या-पिशव्यांसाठी वापरले जाते. एकेरी सुताचे दोन पदर उलट दिशेने एकत्र पिळून दुपदरी धागा तयार होतो आणि त्याला इतका घट्ट पीळ दिलेला असतो की सैल सोडताच तो स्वतःभोवती वळतो. जुन्या आयमारा वस्त्रांना हात लावल्यावर जो कणखर, जवळजवळ चामड्यासारखा दाटपणा जाणवतो, त्याचे रहस्य या पिळात आहे.

नेहमीच्या धाग्याची पिळाची दिशा ठरलेली असते. तिच्या उलट, म्हणजे डावीकडे पिळलेल्या धाग्याला 'ल्योके' म्हणतात आणि त्याला या समाजात वेगळेच स्थान आहे. आजारी माणसाच्या किंवा गरोदर बाईच्या मनगटाला व घोट्याला तो बांधतात, अनिष्टाला दूर ठेवण्यासाठी विधीत वापरतात आणि काम झाल्यावर तोडून टाकतात. हाच धागा वस्त्राच्या काठाजवळही येतो. उजव्या आणि डाव्या पिळाचे धागे शेजारीशेजारी लावले की काठावर कणसाच्या दाण्यांसारखी तिरपी नक्षी आपोआप उमटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन विरुद्ध पिळांचा ओढा एकमेकांना तोलून धरतो, त्यामुळे वस्त्राचे कोपरे गुंडाळले जात नाहीत. एकाच धाग्याने काठ सपाट राहतो आणि वस्त्र पांघरणाऱ्याचे रक्षणही होते. यातले एक काम तांत्रिक आणि दुसरे धार्मिक अशी विभागणी करण्याची गरज विणकरणींना कधी भासलेली दिसत नाही.

पठारावरचा नेहमीचा माग म्हणजे जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्या आणि त्यांना बांधलेले दोन आडवे दांडे, एवढाच असतो. अरुंद पट्ट्यांसाठी एक टोक खांबाला आणि दुसरे स्वतःच्या कमरेला बांधून ताणायचा मागही वापरात आहे. जमिनीवरच्या मागावर ताणा भरताना दोन बायका समोरासमोर बसतात आणि सुताचे गुंडे एकमेकींकडे टाकत उभे धागे दोन दांड्यांमधून अखंडपणे फिरवतात. हे वस्त्र ताणाप्रधान असते, म्हणजे उभे धागे इतके दाटीने बसलेले असतात की आडवा बाणा त्यांच्याखाली पूर्णपणे दडून जातो. त्यामुळे पट्ट्यांचे रंग, त्यांची रुंदी आणि त्यांचा क्रम हे सर्व ताणा भरतानाच कायमचे निश्चित होते. विणायला बसण्यापूर्वीच वस्त्र मनात पूर्ण झालेले असते. बाणा ठोकून बसवण्यासाठी आणि नक्षीचे धागे निवडून उचलण्यासाठी लामाच्या पायाच्या हाडापासून केलेले 'विचुन्या' नावाचे टोकदार अवजार वापरतात. पिढ्यान्‌पिढ्या हाताळल्याने ते हाड हस्तिदंतासारखे गुळगुळीत झालेले असते.

विणकाम एका टोकाला थोडेसे झाले की माग फिरवून दुसऱ्या टोकापासून विणायला सुरुवात होते, आणि शेवटी दोन विणलेल्या भागांच्या मध्ये बोटभर रुंदीची फट उरते. तेथे धागे उचलायला जागाच राहत नाही, म्हणून शेवटच्या बाण्याच्या ओळी सुईने एकेक करून भराव्या लागतात. साऱ्या कामातला हा सर्वांत संथ आणि डोळ्यांना थकवणारा टप्पा होय. ही फट न भरता धागे कापून टाकले तर कित्येक तासांचे श्रम वाचतील, पण तसे केले जात नाही. मराठी वाचकाला साडी आणि धोतर ही न शिवलेली वस्त्रे परिचित आहेत, परंतु तीही मागावरच्या लांब ताण्यातून कापूनच वेगळी होतात. आयमारा वस्त्र मात्र चारही बाजूंना स्वतःचे विणलेले काठ घेऊन मागावरून उतरते. पुरुषांच्या जुन्या बिनबाह्यांच्या अंगरख्यालाही गळा कापत नसत, त्यासाठीची फट विणतानाच किंवा दोन पट्ट्या जोडतानाच सोडली जाई. वस्त्र म्हणजे एक पूर्ण देह, आणि पूर्ण देहावर कात्री चालवायची नसते, ही धारणा या साऱ्या खटाटोपामागे आहे.

देहाची ही कल्पना केवळ अभ्यासकांनी वस्त्रावर लादलेली नाही, हे चिलीच्या उत्तरेकडील इस्लुगा या आयमारा गावांच्या प्रदेशात झालेल्या एका सूक्ष्म अभ्यासाने दाखवून दिले. वेरोनिका सेरेसेदा या विदुषीने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सणासुदीच्या वस्त्रांकडे न वळता धान्य आणि सुकवलेले बटाटे साठवायच्या साध्या लोकरी पिशव्या निवडल्या. या पिशव्यांवर एकही आकृती नसते. लामा आणि अल्पाकाच्या न रंगवलेल्या लोकरीचे पांढरे, करडे, तपकिरी आणि काळे पट्टे, एवढेच त्यांचे रूप. परंतु विणकरणींनी त्या पट्ट्यांना दिलेली नावे ऐकल्यावर चित्र पालटते. पिशवीच्या तोंडाला 'लाका' म्हणजे तोंडच म्हणतात. पट्ट्यांमध्ये 'तायका' म्हणजे आई आणि 'काल्यु' म्हणजे पिल्लू असते. आणि पिशवीच्या बरोबर मध्यातून जाणाऱ्या, दोन्ही बाजूंचे पट्टे ज्याच्याभोवती आरशातल्यासारखे मांडलेले असतात त्या पट्ट्याला 'चुयमा' म्हणजे काळीज असे नाव आहे. पट्टे विषम संख्येने असतात, कारण दोन समान बाजूंना धरून ठेवणारा एकटा मध्य असल्याशिवाय पिशवीला प्राण येत नाही. ज्या वस्तूकडे कोणी कलावस्तू म्हणून ढुंकूनही पाहिले नसते, त्या धान्याच्या पिशवीत दोन अर्ध्यांचा आणि त्यांना जोडणाऱ्या मध्याचा संपूर्ण विचार सापडावा, ही गोष्ट आयमारा विणकामाच्या अभ्यासाला वळण देणारी ठरली.

दोन अर्ध्यांचा हा विचार समाजरचनेतही आहे. आयमारा समाजाचा मूळ घटक 'आयल्यू' हा होय. समान पूर्वज मानणाऱ्या आणि जमीन व कुरणे सामाईकपणे सांभाळणाऱ्या कुटुंबांचा तो समुदाय असतो. आयल्यूंचे गट परंपरेने वरचा आणि खालचा अशा दोन भागांत विभागलेले असत. पाठीवर बाळ, सरपण किंवा बाजारहाट वाहून नेण्यासाठी बायका जो चौकोनी 'आवायू' वापरतात, तोही दोन स्वतंत्रपणे विणलेल्या, एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या पट्ट्या मध्यभागी शिवून तयार होतो. त्यातल्या साध्या, एकरंगी मोकळ्या भागाला 'पाम्पा' म्हणजे मैदान म्हणतात आणि नक्षीच्या पट्ट्यांना 'साल्ता'. शेत आणि कुरण, नांगरलेले आणि मोकळे सोडलेले रान यांची ओळ त्यात दिसते असे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. कोणत्या गावची बाई आहे हे तिच्या आवायूतील पाम्पाचा रंग, साल्ताची रुंदी आणि काठ यांवरून बाजारात लांबूनही ओळखता येत असे.

रंगांच्या बाबतीतही असाच काटेकोर विचार आढळतो. एका रंगाच्या गडद छटेपासून फिकट छटेपर्यंत पायरीपायरीने उतरत जाणाऱ्या अरुंद रेघांच्या मालिकेला 'किसा' म्हणतात, आणि सुकवलेल्या गोड फळालाही हेच नाव आहे. डोळ्यांना गोडवा देणारा, एका रंगातून दुसऱ्याकडे हळूच नेणारा असा तो सेतू मानला जातो. याच्या उलट, काळ्याला थेट पांढरे भिडवणे म्हणजे 'आल्का'. त्यात तुटणे आहे, सामना आहे. तिसरी शक्यता 'चिखी' या संकल्पनेत येते : काळे आणि पांढरे ठिपके किंवा धागे इतके जवळ आणले की लांबून ते करडे भासतात, पण जवळ गेल्यावर दोन्ही रंग आपापल्या जागी अबाधित दिसतात. बोलिव्हियाच्या समाजशास्त्रज्ञ सिल्व्हिया रिव्हेरा कुसिकांकी यांनी अलीकडच्या काळात याच संकल्पनेवरून आपल्या देशाच्या संमिश्र समाजाचे विवेचन केले. मूळनिवासी आणि युरोपीय हे दोन वारसे वितळून एक न होता एकमेकांशेजारी ताणात नांदतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

इतक्या घट्ट बांधलेल्या या परंपरेची मुळे किती खोल जातात, हे सांगणे सोपे नाही, कारण पठारावरच्या ओलसर जमिनीत लोकर कुजून जाते. जुने पुरावे मिळतात ते मुख्यत्वे पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या कोरड्या वाळवंटात. इसवी सनाच्या सुमारे पाचव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत तितिकाकाजवळ तिवानाकू हे नगर भरभराटीला आले होते. त्याच्या प्रभावक्षेत्रातील अंगरखे आणि टोप्या उत्तर चिलीतील आरिका आणि सान पेद्रो दे आताकामा येथील दफनांत सापडल्या आहेत. तिवानाकूचे लोक आयमाराच बोलत होते असे मात्र म्हणता येत नाही. त्या नगराच्या पतनानंतर पठारावर लुपाका, कोया, पाकाखेस, कारांगास अशी अनेक राज्ये उदयाला आली, आणि त्यांतील बहुतेक आयमारा भाषकांची होती. हे लोक आपल्या श्रेष्ठींना 'चुल्पा' नावाच्या मनोऱ्यांसारख्या थडग्यांत ठेवत. बोलिव्हियातील लाउका नदीच्या काठी कारांगासांच्या मुलखात मातीच्या विटांचे जे रंगीत चुल्पा उभे आहेत, त्यांच्या भिंतींवरील चौकडीची नक्षी अंगरख्यांवरच्या नक्षीशी मिळतीजुळती असल्याचे तेरेसा हिस्बर्त यांनी दाखवून दिले. थडग्यालाच वस्त्र नेसवण्याची ही रीत पाहता, वस्त्राशिवाय देहाची, मग तो मृत का असेना, कल्पनाच या समाजाला मान्य नव्हती असे दिसते.

पंधराव्या शतकात कुस्कोच्या इंका राज्याने ही आयमारा राज्ये जिंकली. इंकांच्या राज्यकारभारात वस्त्राला जे स्थान होते ते बहुधा जगातील अन्य कोणत्याही साम्राज्यात नसेल. १९६२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जॉन मुर्रा यांनी एका प्रसिद्ध निबंधात हे विस्ताराने मांडले की सैन्याला वेतन म्हणून, पराभूत प्रमुखाला भेट म्हणून आणि सूर्यदेवतेला होमात द्यायची वस्तू म्हणून राज्याला सतत प्रचंड प्रमाणात कापड लागत असे. जिंकलेल्या प्रमुखाला दिलेले तलम वस्त्र वरवर औदार्य वाटले तरी ते स्वीकारणे म्हणजे अंकित झाल्याची कबुली होती. साध्या कापडाला 'आवास्का' आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिसणाऱ्या तलम, चित्रमय कापडाला 'कोंपी' असे दोन दर्जे होते. कोंपीसाठी तितिकाकाच्या ईशान्येकडील मिलिराया येथे इंका राजा वायना कापाक याने एक हजार विणकर वसवले होते, अशी नोंद मिळते. आयमारा मुलखातील अल्पाकाची उत्तम लोकर आणि तेथील हातांचे कसब ही इंकांना हवी असलेली संपत्ती होती, सोने त्या मानाने दुय्यम होते. सामान्य कुटुंबांनाही राज्यासाठी विणावे लागे, परंतु त्यासाठीची लोकर राज्याच्या कळपांतून पुरवली जात असे. घेतले जात ते श्रम.

हा फरक लक्षात घेतला म्हणजे स्पॅनिश राजवटीने काय बदलले ते नीट कळते. नव्या मालकांनी कापडाची मागणी तशीच ठेवली, पण कच्चा माल विणणाऱ्यांच्याच माथी मारला. १५६७ मध्ये गार्सी दिएस दे सान मिगेल हा अधिकारी लुपाकांच्या चुकुइतो या मुख्य गावी चौकशीसाठी आला, तेव्हा त्याने घेतलेल्या जबान्यांत मार्तिन कारी आणि मार्तिन कुसी हे दोन भागांचे दोन प्रमुख साक्ष देताना दिसतात. पूर्वी इंकांना काय दिले जाई याचा हिशोब 'खिपू' म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांवरून वाचून दाखवला गेला. राज्याचे कापड आणि राज्याचा हिशोब दोन्ही धाग्यांचेच होते, आणि परक्या कारकुनाच्या कागदात उतरल्यामुळेच त्या दोऱ्यांवरील मजकुराचा काही अंश आज वाचता येतो.

पाद्र्यांनी वेगळ्या हेतूने याच ज्ञानाची नोंद केली. तितिकाकाकाठच्या हुली येथे राहणाऱ्या लुदोविको बेर्तोनिओ या इटालियन जेझुइट पाद्र्याचा आयमारा शब्दकोश १६१२ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. लोकांना कबुलीजबाब आणि धर्मोपदेश समजावा यासाठी तो केलेला असला, तरी कातणे, पिळणे, ताणा भरणे, रंगवणे आणि नेसणे यांविषयीचे असंख्य शब्द त्यात आहेत, आणि आजच्या विणकरणींच्या तोंडी असलेल्या शब्दांशी ते ताडून पाहता येतात. एकीकडे ही नोंद चालू असताना दुसरीकडे धाकही होता. सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो याने ज्या आज्ञा काढल्या, त्यांत लोकांनी वस्त्रांवर पशुपक्ष्यांच्या आकृत्या विणू नयेत, कारण ते त्यांची पूजा करतात, असे फर्मावले होते. वस्त्रावरच्या आकृत्यांत सामर्थ्य असते ही गोष्ट परक्या सत्तेलाही पटली होती, असे या बंदीवरून म्हणावे लागते. पुढे अनेक भागांत आकृत्या मागे पडून पट्टे आणि मोकळे गडद पाम्पा यांचे सौंदर्य पराकोटीला पोहोचले, त्याचे श्रेय एकट्या या बंदीला देणे घाईचे होईल, पण तिचा काही वाटा असणे शक्य आहे.

याच वासाहतिक काळातील काही वस्त्रे आयमारा विणकामाचा कळस मानली जातात. पुरुषांचा 'ल्याकोता' हा खांद्यावरून सोडायचा चौकोनी शेला आणि बायकांचा 'उर्कू' हा चुण्यांचा पेहराव काळ्या, जांभळट किंवा तपकिरी अल्पाका लोकरीत विणलेला असे, आणि काठाजवळच्या मोजक्या लाल व निळ्या रेघांशिवाय त्यावर काहीही नसे. लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून आणि निळा निळीपासून मिळत असे. काही वस्त्रांत ताण्याच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा बाणा घालत, त्यामुळे वस्त्र हलले की त्यावरून दुसऱ्याच रंगाची झळाळी सरकत जाई. बाणा दिसू न देणाऱ्या विणीत ही किमया साधणे हे फार वरच्या कौशल्याचे काम होय. स्पॅनिशांनी आणलेली मेंढी आणि पायपट्ट्यांचा माग यांमुळे 'बायेता' नावाचे जाडेभरडे लोकरी कापड विणण्याचे काम प्रामुख्याने पुरुषांकडे गेले, तर खुंट्यांचा जुना माग बायकांकडे राहिला.

बायेताच्या व्यापाराशी आयमारा इतिहासातील एक मोठे नाव जोडलेले आहे. सिकासिका परिसरातील हुलियान आपासा हा कोका पाने आणि बायेता विकत गावोगाव हिंडणारा सामान्य व्यापारी होता. १७८१ मध्ये तुपाक कातारी हे नाव धारण करून त्याने पत्नी बार्तोलिना सिसा हिच्यासह ला पास शहराला अनेक महिने वेढा घातला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला पकडून त्याच्या देहाचे घोड्यांकरवी तुकडे करण्यात आले. त्याच बंडखोरीच्या लाटेतील कुस्कोचा नेता दुसरा तुपाक आमारू याला मे महिन्यात देहदंड देताना न्यायाधीश आरेचे याने जो निकाल दिला, त्यात माणसाबरोबर वस्त्रालाही शिक्षा झाली : इंका राजवंशाचे अंगरखे, शेले आणि शिरोभूषणे वापरण्यास मनाई केली गेली आणि दिवंगत इंका राजांच्या स्मरणार्थ काही प्रांतांत जी काळी शोकवस्त्रे घातली जात तीही बंद करण्याचा हुकूम निघाला. लोकांनी स्पॅनिश पद्धतीने कपडे घालावेत असे त्यात सांगितले होते. आज ला पासच्या आयमारा बायकांची ओळख बनलेला 'पोलेरा' हा घेरदार घागरा मुळात स्पॅनिश वेषातून आला, आणि तरीही पोलेरा नेसलेल्या बाईच्या पाठीवर आवायू बांधलेलाच राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले, बोलिव्हियात १८७४ च्या कायद्याने आयल्यूंच्या सामाईक जमिनींना ग्रहण लागले आणि कळप घटले तशी घरची लोकरही घटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिकचे झगझगीत सूत आणि यंत्रावर विणलेले स्वस्त आवायू बाजारात शिरले.

नेमक्या याच सुमारास, म्हणजे १९७० च्या दशकापासून, जुन्या वस्त्रांना परदेशी बाजारात अपूर्व किंमत येऊ लागली. त्यातून बोलिव्हियाच्या पोतोसी प्रांतातील कोरोमा या गावावर जे ओढवले, ते आयमारा वस्त्राचा अर्थ समजून घेण्यासाठी तपशिलाने सांगण्याजोगे आहे. कोरोमात आयमारा आणि केचुआ या दोन्ही भाषा बोलल्या जातात. तेथील प्रत्येक आयल्यूकडे 'केपी' म्हणजे गाठोडे असते, आणि त्यात त्या आयल्यूच्या मूळ पूर्वजांची म्हणून मानलेली कित्येक शतके जुनी वस्त्रे बांधून ठेवलेली असतात. ही वस्त्रे कोणा एका कुटुंबाची नसतात. नेमलेले राखणदार ती सांभाळतात आणि त्यांना नैवेद्य दाखवतात. नोव्हेंबरच्या आरंभी येणाऱ्या सर्वसंतांच्या सणाला गाठोडी उघडून वस्त्रे बाहेर काढली जातात आणि माणसे ती अंगावर घेतात; त्या वेळी पूर्वज स्वतः गावात आले आहेत असे मानले जाते. ही वस्त्रे म्हणजे पूर्वजांची आठवण नव्हे, ते पूर्वजच.

१९८२-८३ च्या भीषण दुष्काळाने पठारावरची गावे मोडकळीस आली, आणि दलालांनी काही राखणदारांना पैशांचे आमिष दाखवून किंवा फसवून ही वस्त्रे देशाबाहेर नेली. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका प्रदर्शनात ती विक्रीला असल्याचे उघडकीस आले. सामाजिक मानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना बुबा यांनी कोरोमातील वडीलधाऱ्यांच्या साथीने पाठपुरावा केला, गावचे प्रतिनिधी स्वतः अमेरिकेला जाऊन आपली वस्त्रे ओळखून आले, आणि मार्च १९८९ मध्ये अमेरिकेने कोरोमाच्या प्राचीन वस्त्रांच्या आयातीवर तातडीचे निर्बंध घातले. अमेरिकेत जप्त झालेल्या वस्त्रांपैकी काही वस्त्रांचा ताबा १९९२ मध्ये बोलिव्हियाला परत मिळाला आणि तेथून ती कोरोमाला पोहोचली.

या प्रकरणातला खरा तिढा मालकीच्या व्याख्येचा होता. विकत घेणाऱ्याच्या लेखी वस्त्र ही किंमत मोजून हस्तांतरित होणारी वस्तू होती आणि विकणाऱ्याने पैसे घेतले होते, म्हणजे व्यवहार पूर्ण झाला होता. कोरोमाच्या लेखी राखणदाराला विकण्याचा अधिकारच नव्हता, कारण पूर्वज कोणाच्या मालकीचे नसतात. चोरीनंतर गावात पावसाने आणि पिकाने जो दगा दिला, तो पूर्वज रुसल्यामुळे, असे लोक मानत होते, आणि गेलेल्या पूर्वजांचा ठाव घेण्यासाठी 'यातिरी' म्हणजे जाणत्या विधिकर्त्यांचा कौल घेतला जात होता. हे सारे आयातबंदीच्या कायदेशीर भाषेत मावणारे नव्हते, तरीही त्या भाषेचा आधार घेऊनच पूर्वज घरी आले, याचे श्रेय गावकऱ्यांच्या चिकाटीला द्यायला हवे.

विणकरणींच्या ज्ञानाला संग्रहालयाच्या दालनात त्यांच्या स्वतःच्या रीतीने स्थान मिळायला मात्र आणखी वेळ लागला. ओरुरो प्रांतातील काकाचाका गावात वाढलेल्या, लहानपणी आजीकडून विणकाम शिकलेल्या एल्विरा एस्पेखो या कवयित्री व विणकरणीने मानववंशशास्त्रज्ञ डेनिस अर्नोल्ड यांच्यासह या विषयावर अनेक ग्रंथ लिहिले. वस्त्र ही केवळ वस्तू नसून विणकरणीच्या हातात हळूहळू देह धारण करणारी व्यक्ती आहे, असे त्यांत मांडले आहे. २०१३ मध्ये एस्पेखो ला पास येथील राष्ट्रीय मानववंश व लोकसंस्कृती संग्रहालयाच्या संचालक झाल्या आणि तेथील संग्रहाची मांडणी कच्च्या मालापासून सुरुवात करून घडणीच्या साखळीप्रमाणे करण्यात आली : आधी जनावर आणि लोकर, मग कातणे, पिळणे, रंगवणे, माग आणि अवजारे, आणि त्यानंतर पूर्ण झालेले वस्त्र व त्याचा वापर. जनावर माणसाला वाढवते आणि माणूस जनावराला. विणकरीण वस्त्राला वाढवते आणि वस्त्र तिला, या परस्पर संगोपनाच्या आयमारा कल्पनेवर त्यांनी पुढे स्वतंत्र लेखनही केले. २०२० मध्ये त्यांना जर्मनीचे गोएथे पदक मिळाले. आता त्या दालनांत आवायूसोबत टकळी आणि हाडाची विचुन्याही ठेवलेली असते, आणि वस्त्रांच्या नोंदीत रंगाइतकीच पिळाच्या दिशेची दखल घेतली जाते.